नव्याचे नऊ दिवस, आणि पुढचे सत्तावन्न

बाबांना रक्तदाबाची गोळी सुरू झाली तेव्हा पहिला महिनाभर आमच्या घरात रोज एकच संवाद चालायचा. "बाबा, गोळी घेतलीत?" "घेतो गं." दुपारी पाहावं तर गोळी पाकिटात तशीच. मी मोबाइलवर गजर लावून दिला. तो वाजला की बाबा बंद करायचे आणि पुन्हा पेपरात डोकं घालायचे. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज फुली मारायची असं ठरलं. दोन आठवड्यांत फुल्याही थांबल्या. बाबा आळशी नाहीत. नोकरीत बत्तीस वर्षं पहिली पाळी केलेला माणूस, कधी उशिरा गेटावर पोचल्याचं आठवत नाही.

एके दिवशी आईने कुणाला काही न सांगता गोळ्यांचं पाकीट उचललं आणि चहा पावडरीच्या डब्याच्या झाकणावर रबर लावून बांधून टाकलं. सकाळचा पहिला चहा बाबाच करतात. डबा उघडायचा तर रबर काढायला हवं, आणि रबर काढलं की गोळी हातात. डॉक्टरांनीही ती सकाळीच घ्यायला सांगितली होती. त्या दिवसापासून विषय संपला.

गुढीपाडवा किंवा १ जानेवारी जवळ आला की मोबाइलवर 'एकवीस दिवसांचं आव्हान' फिरू लागतं, तेव्हा मला तो डबा आठवतो. पहाटे पाचला उठा, ध्यान करा, डायरी लिहा, दहा हजार पावलं चाला, एकवीस दिवस करा की आयुष्यभराची सवय! बावीसाव्या दिवशी जमलं नाही की माणूस स्वतःलाच दोष देतो. माझ्या ओळखीत असे कितीतरी जण आहेत आणि त्या दोषाचं ओझं ते वर्षानुवर्षं वागवतात. म्हणून हा विषय जरा मुळापासून बघू.

एकवीस हा आकडा आला कुठून?

मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. नाकाची किंवा चेहऱ्याची शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटला आरशातला नवा चेहरा आपला वाटू लागायला निदान एकवीसेक दिवस लागतात, असं त्यांना दिसत आलं होतं. १९६० साली त्यांनी ते पुस्तकात लिहिलं. हे निरीक्षण होतं चेहऱ्याची ओळख पटण्याबद्दल. व्यायाम, वाचन, ध्यान यांची मोजणी कुणी केलेली नव्हती. पुढे सांगणाऱ्यांनी त्यातला 'निदान' गाळला, 'एकवीसेक'चा नेमका एकवीस केला, आणि तो आकडा जगभर पसरला.

प्रत्यक्ष मोजणी झाली ती बऱ्याच वर्षांनी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना प्रत्येकी एकच साधी गोष्ट निवडायला सांगितली. कुणी जेवणासोबत एक फळ खायचं ठरवलं, कुणी ठरलेल्या वेळी पेलाभर पाणी प्यायचं, कुणी रात्रीच्या जेवणाआधी थोडं पळायचं. बारा आठवडे, म्हणजे ८४ दिवस, ते रोज नोंदवत राहिले: आज केलं का, आणि करताना विचार करावा लागला का. लॅलींचा हा अभ्यास २०१० साली छापून आला. ज्यांच्या नोंदींतून नीट हिशेब निघाला त्यांना लागलेले दिवस चढत्या क्रमाने मांडले तर मधोमध आकडा येतो ६६. पण सगळ्यात लवकर ज्याचं जमलं त्याला १८ दिवस लागले, आणि सगळ्यात मागे राहिलेल्याला गणिताने पुढे ताणून पाहिलं तर २५४. म्हणजे एका टोकाला अडीच आठवडे आणि दुसऱ्या टोकाला साडेआठ महिने. पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर अंगवळणी पडली, व्यायामाला त्याच्या साधारण दीडपट वेळ लागला.

२०२३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी आणखी मोठ्या नोंदी तपासल्या. रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना हात धुण्याची सवय काही आठवड्यांत लागते, पण नेमाने जिमला जाण्याची सवय लागायला बहुतेकांना काही महिने लागतात, असं त्यांना आढळलं. तेव्हा ६६ हा आकडाही देवाची रेघ समजू नका.

तरी त्यातून एक हिशेब करण्यासारखा आहे. नव्याचे नऊ दिवस ही आपली म्हण अगदी खरी आहे, उत्साह साधारण तेवढाच टिकतो. सहासष्टातून नऊ गेले की उरतात सत्तावन्न. ते दिवस कशाच्या जोरावर काढायचे, खरा प्रश्न तिथे आहे. आणि त्याचं उत्तर 'आणखी उत्साहाच्या' असं नाही.

सवय म्हणजे नेमकं काय?

पोळी करायला शिकतानाचे दिवस आठवा. पीठ किती, पाणी किती, लाटणं कुठे दाबायचं, तवा तापला का, सगळ्याकडे जीव एकवटून बघावं लागतं आणि तरी नकाशा तयार होतो. पाच वर्षांनी तीच बाई मुलाचा पाढा ऐकत, फोन खांद्याशी धरून, गोल पोळ्या टाकत असते. तिला विचारा, पाणी किती घातलंस? म्हणेल, अंदाजाने. हा अंदाज तिच्या हातात आहे, शब्दांत नाही.

मेंदूत हेच होतं. नवी गोष्ट करताना कपाळामागचा विचार करणारा भाग राबतो. तीच गोष्ट त्याच परिस्थितीत वारंवार केली की काम हळूहळू खोलवरच्या एका पुंजक्याकडे सोपवलं जातं. त्याला बेसल गँग्लिया म्हणतात. हे नाव लक्षात ठेवायची गरज नाही. एवढं ध्यानात ठेवा की हा भाग विचारत बसत नाही, खूण दिसली की काम सुरू करतो. या लेखात पुढे 'खूण' म्हणेन तेव्हा तो अर्थ घ्या: ज्या जागेमुळे, वेळेमुळे, वस्तूमुळे किंवा आधीच्या कामामुळे पुढचं काम आपसूक सुरू होतं ती गोष्ट. बाबांची खूण म्हणजे चहाचा डबा.

हा भाग आठवणींपासून किती वेगळा आहे ते एका पेशंटमुळे कळलं. वैद्यकीय साहित्यात त्यांना ई. पी. म्हणतात. मेंदूच्या संसर्गामुळे त्यांची नवं लक्षात ठेवण्याची शक्ती पूर्ण गेली होती, भेटलेला माणूस ते थोड्याच वेळात विसरत. अमेरिकन शास्त्रज्ञ लॅरी स्क्वायर यांच्या गटाने त्यांच्यासमोर वस्तूंच्या आठ जोड्या ठेवल्या. प्रत्येक जोडीतली एक वस्तू 'बरोबर', एक 'चूक'. निरोगी माणसं हे थोड्याच बैठकांत शिकली. ई. पीं.ना आठवडेच्या आठवडे लागले, आणि दर वेळी त्यांना हा खेळ नवाच वाटे, पण शेवटी त्यांचा हात बरोबर वस्तूकडे जाऊ लागला. मग संशोधकांनी एक छोटा बदल केला. सगळ्या सोळा वस्तू एकत्र ठेवल्या आणि म्हणाले, यातल्या बरोबर वस्तू वेगळ्या काढा. ई. पीं.ना जमेना. जोडी मोडली तशी खूण मोडली, आणि खुणेबरोबर आलेलं सगळंच गेलं.

बाबांचंही असंच झालं. नागपूरला लग्नाला गेलो तेव्हा चार दिवस चहा आयता मिळाला, डबा दिसलाच नाही. चारही दिवस गोळी राहिली, आणि ती राहिली हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

शिळे पॉपकॉर्न

या विषयातला मला सगळ्यात आवडलेला प्रयोग पॉपकॉर्नचा आहे. डेव्हिड नील आणि वेंडी वुड यांच्या गटाचा, २०११ सालचा. सिनेमागृहात आलेल्या लोकांना फुकट पॉपकॉर्न दिले. काहींना ताजे, काहींना चक्क सात दिवसांचे शिळे, वातड झालेले. ज्यांना सिनेमाला गेलं की पॉपकॉर्न खायची पक्की सवय होती त्यांनी शिळेही ताज्याइतकेच खाल्ले. विचारलं तर म्हणाले, चव वाईट होती! पण हात डब्यात जात राहिला. ज्यांना ती सवय नव्हती त्यांनी शिळे बाजूला ठेवले.

मग तेच पॉपकॉर्न एका मीटिंगच्या खोलीत, पडद्यावर गाणी दाखवत दिले. तिथे सवयीच्या लोकांनीही शिळे फारसे खाल्ले नाहीत. आणखी एका वेळी सिनेमागृहातच, पण नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला सांगितलं. एवढ्यानेही भानावर आले, शिळे खाणं कमी झालं.

अंधार, खुर्ची, मांडीवरचा डबा, उजवा हात, या सगळ्यांनी मिळून ते खाणं चालवलं होतं. भूक आणि चव बाजूलाच राहिली. रात्री अंथरुणात पडल्यावर अर्धा तास फोनवर बोट सरकवत राहणं आणि नंतर 'यातलं आपल्याला बघायचं तरी काय होतं' असं वाटणं हेही शिळेच पॉपकॉर्न आहेत. वेंडी वुड यांनी विद्यार्थ्यांना दर तासाला 'आत्ता काय करताय, मनात काय चाललंय' हे लिहायला लावलं होतं. २००२ साली छापलेल्या त्या नोंदींत सुमारे ४३ टक्के कामं अशी होती की ती जवळपास रोज, त्याच जागी, भलत्याच विचारात असताना होत होती.

"माझ्यात इच्छाशक्तीच नाही"

हे वाक्य मला ऐकवत नाही, कारण ते म्हणणारी माणसं बहुधा दिवसभर इतरांसाठी राबणारी असतात. इच्छाशक्ती लागते, पण ती खूण ठरवण्यापुरती लागते. पीटर गॉलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात यावर एक साधी रीत मांडली: 'जर अमुक झालं, तर मी तमुक करीन.' 'मी रोज चालायला जाईन' ही नुसती इच्छा झाली. 'दुपारच्या जेवणाची ताटं घासून झाली की मी चपला घालीन' हा ठराव झाला. पहिल्या वाक्यात रोज नव्याने निर्णय घ्यावा लागतो, दुसऱ्यात निर्णय आधीच घेऊन ठेवलेला असतो.

कॅथरीन मिल्कमन यांच्या गटाने अमेरिकेतल्या एका कंपनीत फ्लूच्या लशीची आठवण देणारी पत्रं पाठवली. काहींच्या पत्रात 'तुम्ही कोणत्या तारखेला, किती वाजता जाणार' हे लिहायला मोकळी जागा ठेवली. नुसतं पत्र मिळालेल्यांत लस घेणारे होते ३३ टक्के, तारीख-वेळ लिहायला सांगितलेल्यांत ३७ टक्के. फरक डोळे दिपवणारा नाही. पण तो कागदावरच्या दोन रिकाम्या रेघांचा आहे, त्यासाठी भाषण नाही, बक्षीस नाही, शिक्षा नाही.

आपल्या घरांत ही रीत आधीपासून होती. अंघोळ झाली की तुळशीला पाणी, दिवेलागणीला देवाजवळ दिवा, दिवा लागला की मुलांची शुभंकरोती. यासाठी कुणी गजर लावत नव्हतं. एका कामाच्या शेपटीला दुसरं काम बांधलेलं होतं. आपल्या मराठीत याला 'दिवसाची घडी' म्हणतात, 'घडी बसली', 'घडी विस्कटली'. कपड्याची घडी जशी एका दुमडीवर दुसरी दुमड येऊन बसते, तशी.

"एवढ्याशा गोष्टीने काय होणार?"

पाच मिनिटं चालून वजन उतरणार नाही, हे खरं. सुरुवातीला आपण वजन उतरवत नसतोच, खूण पक्की करत असतो. लॅलींच्या नोंदींत एक गोष्ट स्पष्ट दिसते: सुरुवातीच्या प्रत्येक वेळेने आपसूकपणा भराभर वाढतो, नंतर वाढ मंदावते आणि शेवटी स्थिर होते. म्हणून पहिल्या आठवड्यांत किती केलं यापेक्षा किती वेळा केलं याला मोल आहे. ताटं घासून चपला घालणं दोन महिने नेमाने झालं की मग पाचाची पंधरा मिनिटं करायला कष्ट पडत नाहीत. उलट पहिल्याच दिवशी तासभर चाललात तर तिसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखतात आणि चौथ्या दिवशी चपला पाहूनच नको वाटतं.

आणि एका वेळी एकच. पहाटे उठणं, ध्यान, डायरी, व्यायाम, साखर बंद, हे सगळं पाडव्याच्या एकाच सकाळी सुरू करणाऱ्याची अवस्था पहिल्या दिवशीच पुरणपोळी करायला घेतलेल्या नवशिक्यासारखी होते.

"काल खंड पडला, आता काय उपयोग?"

आपण सवयीला नकळत व्रताचे नियम लावतो. व्रतात खंड पडला की ते मोडलं असं मानायची रीत आहे. सोळा सोमवार म्हणजे सोळाच, आणि सलगच. तिथे ते योग्य असेल, कारण व्रत हा शब्द दिलेला असतो. सवय मात्र शब्द नव्हे, ती मेंदूत चढत जाणारी पुटं आहेत. लॅलींनी मुद्दाम तपासलं होतं की एखादा दिवस चुकला तर काय होतं. दुसऱ्या दिवशीचा आपसूकपणा किंचित कमी झाला आणि लगेच भरून आला, एकूण वाटचालीवर फरक पडला नाही. पाहुणे आले, ताप आला, पावसात अडकलात, होऊ द्या. उद्या तीच खूण पुन्हा येणारच आहे.

खरं नुकसान करतो तो त्या चुकलेल्या दिवसानंतरचा विचार. 'माझ्याच्याने होत नाही' हे एकदा मनाने घेतलं की पुढचे दहा दिवस जातात.

"वेळ आहे कोणाकडे?"

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर 'कोणाचा वेळ कशात जातो' याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. जवळपास पाच तास विरुद्ध दीड तास! ज्या बाईचे हे पाच तास जातात तिला 'स्वतःसाठी पहाटेचा एक तास काढा' सांगणं मला क्रूरपणाचं वाटतं. तो तास ती झोपेतून काढते, आणि झोप तुटली की चिडचिड वाढते, म्हणजे ज्या मनःशांतीसाठी हा खटाटोप तीच जाते. अशा घरात पहिली चांगली सवय नवऱ्याने लावून घ्यायची आहे. जेवण झालं की ओटा त्याने आवरायचा. बाकीच्या सवयींचं त्यानंतर बघता येईल.

"आधी मन ठिकाणावर येऊ दे, मग करीन"

या आक्षेपावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात.

मन उदास असलं की काही करावंसं वाटत नाही. बाहेर जाणं टळतं, फोन उचलणं टळतं, अंघोळसुद्धा पुढे ढकलली जाते. दिवसात आनंदाचं, ओळखीचं, हाताने काही घडवल्याचं असं काही उरत नाही. मग मन आणखी खाली जातं, आणि आणखी काही करावंसं वाटत नाही. विहिरीच्या पायऱ्या एकेक करून उतरत जाव्या तसं. आपण म्हणतो, बरं वाटलं की उठेन. पण बरं वाटायला ज्या गोष्टी लागतात त्याच बंद झालेल्या असतात.

१९७० च्या दशकात पीटर लुइन्सन यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी ही साखळी उलट बाजूने पकडली. मूड यायची वाट पाहायची नाही. आधी छोटी कृती ठरवायची, वेळ आणि जागा लिहून, आणि मन म्हणेल ते म्हणू देत ती करायची. मन मागाहून येतं. इंग्रजीत याला 'बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन' म्हणतात, आपण 'कृती आधी' म्हणू.

याचा एक मोठा पडताळा आपल्या शेजारी गोव्यात झाला आहे. डॉ. विक्रम पटेल आणि 'संगत' या संस्थेने गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ पेशंट निवडले. सगळे तीव्र नैराश्याचे. म्हणजे नुसता कंटाळा किंवा दोन दिवसांची उदासी नव्हे, आजार म्हणावा असं. निम्म्यांना आरोग्य केंद्रातले नेहमीचे उपचार, थोडे सुधारून. उरलेल्यांना तेच उपचार आणि शिवाय सहा ते आठ वेळा एका समुपदेशकाची भेट. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. तिथलीच साधी माणसं, काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेली. आणि भेटीत मुख्य काम काय? सध्या दिवस कसा जातो ते विचारायचं. पूर्वी काय केलं की बरं वाटायचं ते आठवायला लावायचं. त्यातली एखादी झेपेल अशी गोष्ट पुढच्या भेटीपर्यंत कधी, कुठे करायची ते ठरवायचं. पुढच्या भेटीत विचारायचं, झालं का? नसेल झालं तर काय आडवं आलं?

तीन महिन्यांनी मोजलं तेव्हा नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी ३९ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. 'कृती आधी'ची जोड मिळालेल्यांपैकी ६४ टक्के. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. मला यातला आकड्याइतकाच मोठा वाटतो तो दुसरा भाग: 'झालं का?' असं आपुलकीने विचारणारा एक माणूस. नेम एकट्याने चालवायचा असतो असं कुणी ठरवलं?

इथे एक गोष्ट ठासून सांगते. मन अनेक आठवडे उदास असेल, झोप-भूक गेली असेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील तर हा लेख आणि कुठलीही सवय यावर विसंबू नका. डॉक्टरांकडे जा. सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते, मराठीतही बोलता येतं. गोव्यातल्या त्या पेशंटनाही कुणीतरी आरोग्य केंद्रात तपासलं होतं, हे विसरायचं नाही.

मनासाठी सुचवली जाणारी प्रत्येक गोष्ट रोजच करायला हवी असंही नाही. डायरीचंच घ्या. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली विद्यार्थ्यांना आयुष्यातल्या सगळ्यात दुखऱ्या प्रसंगाबद्दल रोज पंधरा मिनिटं, सलग चार दिवस लिहायला सांगितलं. चारच दिवस! लिहून झाल्यावर लगेच त्यांना आधीपेक्षा वाईट वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत आजारपणामुळे दवाखान्यात जाणं कमी झालं. नंतरच्या अनेक अभ्यासांत फायदा लहानच दिसला, तरी दिसला. काही लिखाण गळू फोडण्यासारखं असतं, ते रोज करायचं नसतं.

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही"

या म्हणीवर माझा विश्वास नाही, आणि त्याला कारण आहे. व्हिएतनाम युद्धातून १९७१ मध्ये परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांची ली रॉबिन्स यांनी पाहणी केली. साधारण पाचातला एक जण तिथे हेरॉइन किंवा अफूच्या आहारी गेलेला होता. सरकारला धसका होता की ही सगळी मुलं व्यसन घेऊन घरी येणार. पण मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांपैकी पुन्हा व्यसनात अडकले ते सुमारे ५ टक्केच. व्यसन सोडवायला उपचार आणि आधार लागतात, नुसतं गाव बदलून सगळ्यांचं सुटत नाही. तरी एवढा मोठा फरक पडण्यात त्या जागेचा, त्या सोबतीचा, त्या भीतीचा हात होता हे मानावंच लागतं. जागा सुटली आणि शेकडो खुणा एकदम पुसल्या गेल्या.

म्हणून नको असलेली सवय सोडताना तिच्याशी मनात झुंजत बसण्यापेक्षा खूण हलवलेली बरी. फोनचा चार्जर हॉलमध्ये ठेवा, उशाशी नको. फरसाणाचा डबा वरच्या फळीवर, स्टूल घेतल्याशिवाय न मिळणारा. बदली झाली, घर बदललं, मूल झालं, निवृत्ती आली की जुन्या खुणा आपोआप विस्कटतात. नवी सवय लावायला याच्याइतकी चांगली वेळ नाही.

पण हीच गोष्ट उलटही फिरते, हे मी माझ्या आजीजवळ पाहिलं आहे.

आजोबा गेल्यावर काकांनी आजीला वाईहून पुण्याला आणलं, चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. वाईला तिची सकाळ ठरलेली होती. अंघोळ, मागच्या अंगणात तुळशीला पाणी, तिथूनच कुंपणापलीकडच्या शेजारणीशी दोन शब्द, मग चहा, मग देवपूजा. पुण्यात अंघोळ झाली की ती पलंगावर येऊन बसायची. काकू म्हणायची, "आई, चहा घ्या ना." आजी म्हणायची, "घेते, ठेव." चहा निवायचा. पूजा कधी अकराला, कधी नाहीच. एकदा मला हळूच म्हणाली, "अगं, अंघोळ झाल्यावर मी काय करायची गं?" मला वाटलं, आठवण जायला लागली. घरच्यांना वाटलं, आजोबांचं दुःख. दुःख तर होतंच, पन्नास वर्षांचा संसार होता. पण तिच्या घडीची पहिली दुमडच त्या घरात नव्हती.

काका पुढच्या खेपेला वाईला गेले तेव्हा अंगणातल्या तुळशीचं एक रोप मुळासकट घेऊन आले आणि गॅलरीत कुंडीत लावलं. दुसऱ्या दिवशी अंघोळ झाल्यावर आजी तांब्या घेऊन गॅलरीत गेली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. दुःख कुठे गेलं नाही, संध्याकाळी ती अजूनही गप्प व्हायची, पण चहा गरम असताना घेऊ लागली.

अंगणाच्या सवयीने ती कुंडीलाही तांब्याभर पाणी घालायची. ते खालच्या गॅलरीत ठिबकायचं. आठवडाभराने तिसऱ्या मजल्यावरच्या बाई वाळत घातलेल्या साडीवरचा मातीचा डाग दाखवायला वर आल्या. आजी ओशाळली, "बसा हो, चहा टाकते," म्हणाली आणि पुण्यात आल्यापासून पहिल्यांदा स्वतः ओट्याशी उभी राहिली. जाताना त्या बाई कुंडीखाली ठेवायला त्यांच्याकडची एक जुनी परात देऊन गेल्या. परात आल्यावर पाणी ठिबकायचं थांबलं, त्या बाईंचं सकाळी चहाला येणं मात्र आजी होती तोवर थांबलं नाही.